लागण, संसर्ग, साथ, संक्रमण : कोणता शब्द कुठे वापरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की नागपुरात डेंग्यूच्या बातम्या सुरू होतात. शाळांच्या सूचना निघतात, कॉलनीच्या ग्रुपवर निरोप फिरतात आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडे येणारे प्रश्नही वाढतात. हे प्रश्न शिक्षक, बातमीदार, आशाताई आणि सोसायटीचे सचिव विचारतात, शेतीची पत्रकं लिहिणारेही विचारतात. रोग पसरण्यासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. चुकीच्या शब्दामुळे वाक्य बिघडलं तर ते दुरुस्त करता येतं. त्याच शब्दामुळे घरात एखाद्याचं ताट वेगळं झालं तर ते परत एकत्र यायला वर्षं लागतात. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत.

१. लागण म्हणजे नेमकं काय?

'लागणे' या क्रियापदापासून झालेलं हे नाम आहे. एखादी गोष्ट येऊन चिकटणे, जडणे हा त्याचा मूळ भाव. आजाराच्या संदर्भात रोगजंतू शरीरात शिरून तिथे वाढू लागले की लागण झाली असं म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि रचना ठरलेली आहे : ज्याला झाली त्याला 'ला', रोगाला 'ची'. 'मुलाला गोवराची लागण झाली.' 'मुलगा गोवराने लागण झाला' हे मराठी नाही. 'लागण लागली' असंही कधी कधी लिहून येतं, त्यात एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतीच्या लिखाणात 'उसाची लागण' वाचून आपल्याकडचे वाचक गोंधळतात. तिथे लागण म्हणजे लावणी. विदर्भात पिकासाठी 'लागवड' आणि धानासाठी 'रोवणी' म्हणतात, त्यामुळे इकडे लागण म्हटलं की आजारच आठवतो.

२. मग संसर्ग आणि लागण एकच ना?

रोजच्या बोलण्यात एकच समजलं तरी चालतं. लिहिताना मात्र फरक उपयोगी पडतो. 'संसर्ग' हा संस्कृत शब्द, 'सृज्' धातूला 'सम्' लागून झालेला. मूळ अर्थ संबंध, सहवास, एकत्र येणं. 'संसर्गजा दोषगुणा भवन्ति' हे वचन रोगाबद्दल नाही, सोबतीबद्दल आहे : दोष आणि गुण दोन्ही सहवासातून येतात. म्हणजे या शब्दात वाईटच काही आहे असं मुळात नव्हतं.

लागण ही घटना आहे. ती होते, आणि कधी झाली ते सांगता येतं. संसर्ग ही घटनाही आहे आणि वाटही आहे. म्हणून 'संसर्ग टाळा' हे सहज येतं आणि 'लागण टाळा' जरा अडखळतं. 'संसर्गाचा मार्ग' म्हणता येतं, 'लागणीचा मार्ग' कुणी म्हणत नाही. उलट 'घरातल्या चौघांना लागण झाली' हे 'चौघांना संसर्ग झाला' यापेक्षा बोलण्याच्या जवळचं आहे.

आणखी एक गोष्ट : लागण झालेला प्रत्येक माणूस आजारी असतोच असं नाही. क्षयाचे जंतू शरीरात वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतात. तेव्हा खोकला, ताप, वजन घटणं यातलं काहीच नसतं आणि तो माणूस दुसऱ्याला जंतूही देत नाही. अशा वेळी 'क्षयाचा संसर्ग आहे, क्षयरोग झालेला नाही' असं स्पष्ट लिहावं.

३. संसर्गजन्य, स्पर्शजन्य, सांसर्गिक, साथीचा : यात बरोबर कोणता?

चारही बरोबर आहेत, पण अर्थ वेगळे. 'जन्य' म्हणजे त्यापासून उपजणारा. संसर्गजन्य रोग म्हणजे संसर्गातून होणारा रोग. 'सांसर्गिक' हे त्याचंच जुन्या वळणाचं विशेषण. 'साथीचा' कधी म्हणायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे. 'स्पर्शजन्य' मात्र अरुंद आहे : खरूज, नायटा असे अंगाला अंग किंवा कपडा, टॉवेल लागून होणारे आजारच त्यात बसतात. गोवर हवेतून पसरतो, त्याला स्पर्शजन्य म्हटलं तर लोक हात धुतील आणि त्याच खोलीत बसून राहतील.

'जन्य' लावून सरकारी कामात आणखी दोन शब्द चांगले रुळले आहेत : कीटकजन्य आणि जलजन्य. हे दोन्ही आम्हाला फार आवडतात, कारण काय करायचं ते शब्दातच आहे. कीटकजन्य म्हटलं की डासाकडे लक्ष जातं, जलजन्य म्हटलं की पाण्याकडे.

एक चूक नेहमी दिसते : 'रुग्ण संसर्गजन्य आहे.' संसर्गजन्य रोग असतो, माणूस नव्हे. 'रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो' असं लिहा.

४. डेंग्यू संसर्गजन्य आहे की नाही? सूचनेत काय लिहू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. शास्त्राच्या अर्थाने डेंग्यू हा विषाणूचा संसर्ग आहे. पण शेजारी बसल्याने, शिंकल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही, मध्ये एडिस डास लागतो. 'डेंग्यू हा संसर्गजन्य रोग आहे' एवढंच लिहिलं तर वाचणारा रुग्णापासून लांब जातो आणि घरातला कूलर तसाच भरलेला राहतो. म्हणून सूचनेत 'डासांमुळे पसरणारा' किंवा 'कीटकजन्य' हाच शब्द हवा. रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावं ही सूचना त्याच्याचसाठी नाही. त्याला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावतो, म्हणून ती आहे.

हाच नियम चंडिपुरा विषाणूला लागू पडतो. त्याचं नाव आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं : १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला. तो प्रामुख्याने वाळूमाशीच्या चाव्यातून जातो आणि लहान मुलांमध्ये मेंदूज्वर घडवतो. 'चंडिपुराचा रुग्ण आढळला, संपर्कातल्यांनी दूर राहावे' अशी सूचना चुकीची. भिंतींच्या भेगा बुजवणं, गोठा आणि घराभोवतीचा ओला कचरा काढणं, फवारणी, मुलांना अंगभर कपडे हे त्यात हवं. स्क्रब टायफस हा तापाचा आजारही असाच, फक्त तिथे झुडपांतल्या चिगर माइट या बारीक जीवाच्या अळ्या चावतात.

सूचनेचा तयार मसुदा प्रश्न १४ मध्ये आहे.

५. साथ, उद्रेक, महासाथ, महामारी : किती रुग्ण झाले की कोणता शब्द?

आकड्याची एकच सीमा नाही. एखाद्या भागात, ठरावीक काळात, नेहमी असतात त्यापेक्षा जास्त रुग्ण दिसले की 'उद्रेक'. म्हणून गोवराचे एका वस्तीतले मोजके रुग्णही उद्रेक ठरू शकतात आणि जुलै महिन्यातले सर्दीचे शेकडो रुग्ण ठरत नाहीत. उद्रेक वाढत मोठ्या भागावर पसरला की 'साथ'. अनेक देशांत पसरली की 'महासाथ'. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी हाच दर्जा वापरला.

'महामारी' हा शब्द मराठीत जुना आहे, पण त्यात 'मारी' आहे, मरणाचा भाव आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) काळात तो योग्यच होता. आता हिंदी बातम्यांमधून तो सरसकट येतो. मृत्यू नसलेल्या साथीला महामारी म्हणू नका, लोक विनाकारण घाबरतात.

कायद्याचा उल्लेख करताना 'साथरोग' लिहितात. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. 'साथरोग' एक शब्द, 'साथीचा रोग' दोन.

६. 'संक्रमण' हिंदी आहे ना? ते खोडायचं का?

खोडण्याआधी थोडं थांबा. मराठीत संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून किंवा स्थितीतून दुसरीकडे जाणं. मकरसंक्रमण, संक्रमणकाळ, संक्रांत हे सगळे त्याच घरातले. हिंदीत मात्र इन्फेक्शनला संक्रमण म्हणतात, आणि नागपुरात दोन्ही भाषा एकाच चहाच्या टपरीवर बोलल्या जातात. त्यामुळे इथे 'कोरोना संक्रमण' कानाला खटकत नाही, पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला खटकतं.

शब्द मुळात परका नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष आणि डोळे येणे हे रोग 'संक्रामन्ति नरान्नरम्', म्हणजे माणसाकडून माणसाकडे जातात, असं म्हटलं आहे. त्या रोगांना तिथे 'औपसर्गिक' म्हटलंय. व्याकरणातला उपसर्ग आणि आपला संसर्ग दोन्ही एकाच 'सृज्' धातूचे.

आमचा सल्ला : मराठी मजकुरात संसर्ग किंवा लागण लिहा, कारण 'संक्रमण' वाचताना मराठी वाचकाला आधी बदल आठवतो. 'समाजाच्या संक्रमणाच्या काळात' हे वाक्य रोगाचं नाही, पण हल्लीची मुलं ते तसं वाचतात. 'संक्रमित रुग्ण' ऐवजी 'बाधित'. 'बिमारी' आणि 'फैलाव' मात्र ठेवायला हरकत नाही. बिमारी विदर्भाच्या बोलीत घरचाच आहे आणि फैलाव छापील मराठीतही जुना आहे.

७. पिकावरच्या किडीला लागण म्हणावं की प्रादुर्भाव?

कीड असेल तर प्रादुर्भाव. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं, दिसू लागणं. पुराणांत देवाचाही प्रादुर्भाव होतो. शेतात कीड किंवा रोग दिसू लागला, असा अर्थ त्यात नेमका बसतो. पिकाच्या रोगाला (बुरशी, विषाणू) लागणही चालते, पण 'बोंडअळीची लागण' वाचताना चुकल्यासारखं वाटतं, कारण अळी शरीरात शिरून आजार देत नाही, ती बोंड खाते.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीबाबत या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. अळी बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे अळी आहे, पण 'प्रादुर्भाव' अजून डोळ्यांना झालेला नाही. डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उघडलेलं गुलाबासारखं गुंडाळलेलं फूल, ही पहिली खूण. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे उपाय करायची वेळ झाली. पत्रकात 'प्रादुर्भाव दिसताच फवारणी करा' एवढंच लिहिलं तर शेतकरी बोंडं फुटेपर्यंत वाट पाहील. डोमकळी आणि सापळ्यातले पतंग हे दोन्ही नावानिशी लिहा.

संत्र्यावरच्या कोळशीत उलटी गंमत होते. पानं, फळं काळी पडली की लोक 'कोळशी रोगाची लागण' म्हणतात आणि बुरशीनाशक मारतात. मूळ काळ्या माशीत असतं. तिची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात, चिकट गोड पाणी सोडतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. 'काळ्या माशीचा प्रादुर्भाव, त्यामुळे कोळशी' असं लिहिलं की औषध बरोबर ठिकाणी पडतं. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचंही तेच : रोग विषाणूचा, तो नेणारी पांढरी माशी. तिथे 'मोझॅकची लागण, पांढऱ्या माशीमार्फत' हे दोन्ही बरोबर.

धान्याला सोंडे लागतात, लाकडाला वाळवी लागते. तिथे 'प्रादुर्भाव' आणायची गरज नाही.

८. ताप येतो, गोवर निघतो, जुलाब लागतात... नियम काय?

नियम नाही, वहिवाट आहे, आणि ती जपण्यासारखी आहे. ताप येतो. डोळे येतात. कांजिण्या येतात, देवी आल्या असं म्हणत. गोवर येतो किंवा निघतो. गालगुंड, कावीळ, टायफॉइड होतो. सर्दी होते. जुलाब, हगवण, उचकी, ठसका लागतो. अंगावर दिसणाऱ्या आजारांना बहुधा 'येणे, निघणे', न थांबणाऱ्या क्रियेला 'लागणे'.

यातून एक गैरसमज होतो. 'लागणे' आलं म्हणजे तो आजार पसरणारा, असं नाही. नागपूरच्या मे महिन्यात ऊन लागतं, लू लागते. दृष्ट लागते असं म्हणतात. यात लागण काहीच नाही. 'उष्माघाताची लागण' असं एका सूचनेत वाचायला मिळालं होतं. तिथे 'उष्माघात झाला' लिहावं. विषबाधेचंही तसंच : 'लग्नात चाळीस जणांना विषबाधा झाली', लागण नव्हे.

'देवी' हा शब्द आता फक्त इतिहासात आहे. भारत १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, जग १९८० मध्ये. 'देवी टोचणे' हा लसीकरणासाठीचा जुना शब्द आजीच्या तोंडी अजून सापडेल, तेव्हा तिच्या दंडावरची गोल खूण बघून घ्या. गावात कांजिण्यांना 'माता आली' म्हणतात. त्यांना शब्दावरून टोकू नका, खपल्या धरेपर्यंत मूल शाळेत पाठवू नका एवढं सांगा. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत होतो.

९. क्षय आणि कुष्ठरोग संसर्गजन्य आहेत. मग 'भांडी वेगळी ठेवा' लिहिणं चूक कसं?

'संसर्गजन्य' हे एकच विशेषण इथे पुरत नाही, म्हणून. कसा, किती आणि कधीपर्यंत हे तीन खुलासे बरोबर हवेत.

फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो. ताट, वाटी, पेला यांतून नाही. हाडाचा किंवा गाठीचा क्षय सहसा दुसऱ्याकडे जातच नाही. योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रुग्णांची पसरवण्याची क्षमता खूप कमी होते. म्हणजे लिहायचं ते असं : 'खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क, खोलीची खिडकी उघडी, औषध एकही दिवस चुकवायचं नाही, घरातल्या सगळ्यांची तपासणी.' भांड्यांचा उल्लेखच नको.

कुष्ठरोगाचं ओझं तर शब्दांनीच वाढवलेलं आहे. 'महारोग' हे नाव मागे पडलं, ते परत वापरू नका. हा जंतूमुळे होणारा आजार आहे, पण पसरण्याची ताकद अगदी कमी. त्यासाठी उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ, जवळचा सहवास लागतो, आणि खुणा दिसायला सरासरी पाच वर्षं जातात. बहुविध औषधोपचार सुरू होताच संसर्गाचा धोका थांबतो. उपचार आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा आणि मोफत आहे. हात-पाय वाकडे झालेला, पण उपचार पूर्ण केलेला माणूस 'कुष्ठरोगी' नाही. त्याला आजार नाही, आजाराची खूण उरलेली आहे. त्याला 'कुष्ठमुक्त' म्हणा. १९४९ पासून वरोऱ्याच्या आनंदवनात अशा माणसांनी शेती उभी केली, इमारती बांधल्या. हा जिवंत दाखला नागपूरपासून दोन-तीन तासांवर आहे.

कोड (अंगावरचे पांढरे डाग) तर मुळीच लागत नाही. त्याच्या वाक्यात लागण, संसर्ग, संपर्क यातला एकही शब्द येऊ देऊ नका, 'संसर्गजन्य नाही' हे सांगायचं असेल तेवढं सोडून.

१०. 'छूतचा रोग' असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. लिहू का?

लिहू नका. अर्थ कळतो, पण हा शब्द रोगाबरोबर माणसाची प्रतही ठरवतो. 'छूत' ज्या घरातला, त्याच घरातले छुआछूत, शिवाशीव आणि विटाळ. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, आणि आरोग्याच्या पत्रकातून ती मागच्या दाराने आत येऊ नये. हाच सावधपणा जागांच्या नावांबाबत ठेवा. 'अमुक वस्तीमुळे साथ पसरली' असं लिहिण्याऐवजी नेमकं कारण लिहा : फुटलेली पाइपलाइन, तुंबलेला नाला, चार दिवसांनी येणारं नळाचं पाणी आणि त्यामुळे साठवलेले ड्रम.

११. 'रोग पसरला' आणि 'रोग पसरवला', एवढ्याने काय फरक पडतो?

खूप. पसरणे आपोआप होतं, पसरवणे कुणीतरी करतं. 'डास रोग पसरवतात' ठीक. 'बाहेरगावाहून आलेल्या तरुणाने रोग पसरवला' यात गुन्हा दाखल झाल्यासारखा आवाज आहे. तोच माणूस स्वतः आजारी होता हे वाक्य विसरतं. 'बाहेरगावाहून आलेल्या तरुणामध्ये पहिल्यांदा आढळला' लिहा.

'-ग्रस्त' हा प्रत्यय दीर्घकाळ ग्रासलेल्यासाठी (दुष्काळग्रस्त, कर्करोगग्रस्त). 'बाधित' तात्पुरत्यासाठी. 'पीडित' रोगासाठी शक्यतो नको. शक्य तिथे साधं 'रुग्ण' पुरतं.

१२. विलगीकरण की अलगीकरण?

आजारी माणसाला निरोग्यांपासून वेगळं ठेवणं, म्हणजे आयसोलेशन, ते विलगीकरण. संपर्कात आलेल्या, पण अजून आजारी नसलेल्याला काही दिवस वेगळं ठेवणं, म्हणजे क्वारंटाईन, ते अलगीकरण. २०२० मध्ये हे दोन्ही इतके मिसळले की कागदावरही मिसळलेलेच सापडतात. शंका असेल तर शब्दापुढे एक ओळ लिहा : कोणाला, कुठे, किती दिवस.

१३. 'तिचं हसू संसर्गजन्य आहे' हे मराठी आहे का?

शब्द मराठी आहेत, वाक्य इंग्रजी आहे. कळतं सगळ्यांना, पण हसण्याशेजारी दवाखान्याचा वास येतो. 'ती हसली की सगळ्यांना हसू फुटतं' असं आपण म्हणतो. जांभईबाबत मात्र 'एकाची जांभई दुसऱ्याला लागते' ही जुनी, अचूक रचना आहे.

चांगली-वाईट सवय, विचार, ओढ एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्दसंपत्ती आहे आणि ती वापरावी असं आम्हाला मनापासून वाटतं. गुण लागतो : 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' शेजाऱ्याचा रंग येत नाही, स्वभाव येतो. सहवासाचा परिणाम इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे सापडणं कठीण. वारा लागतो : 'शहराचा वारा लागला', यात थोडी नापसंती असते. नागपुरात याचंच 'हवा लागली' होतं. नाद, छंद, वेड लागतं. संक्रांतीच्या आधी महाल-इतवारीच्या गच्च्यांवर पतंगाचं वेड लागतं, तिथे 'लागण' म्हटलंत तर त्यातली मजा जाते.

'लोण' मात्र पसरण्याचाच शब्द. आट्यापाट्या आणि हुतूतूच्या खेळातून आलेला : 'आंदोलनाचं लोण गावोगाव पोचलं.' लोण पोचतं किंवा पसरतं, होत नाही. ते ठिकाणाठिकाणाने पुढे जातं, म्हणून एका माणसाला लोण लागत नाही. 'लाट' येते आणि ओसरते. 'पेव' फुटतं, आणि ते बहुधा नको असलेल्या गोष्टीचं : 'क्लासेसचं पेव फुटलं.'

प्रभाव, छाप, पगडा यांत वजनाचा फरक आहे. प्रभाव तटस्थ. छाप एखाद्या भेटीतही पडते. पगडा म्हणजे विचारशक्तीवर बसलेलं ओझं, तो 'असतो' किंवा 'बसतो'. 'गुरुजींचा विद्यार्थ्यांवर पगडा होता' असं कौतुकाने लिहू नका, कौतुक होत नाही.

संगणकात व्हायरस शिरतो किंवा येतो. व्हिडिओ व्हायरल होतो. दोन्हींना मराठी प्रतिशब्द शोधत बसायची गरज नाही.

१४. कॉलनीसाठी डेंग्यूची सूचना हवी आहे. नमुना द्याल का?

हा घ्या. तारीख आणि वार तुमचे टाका :

'आपल्या भागात डेंग्यूचे रुग्ण आढळले आहेत. डेंग्यू एडिस डासामुळे पसरतो, रुग्णाच्या जवळ बसल्याने नाही. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. दर रविवारी कोरडा दिवस पाळावा. कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने घासाव्यात. ड्रम, कुंडीखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर तपासावेत. ताप आल्यास अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.'

'घासाव्यात' हा शब्द गाळू नका. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीला चिकटतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या भरण्याला ती फुटतात, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. आठवड्याचा दिवस त्यासाठीच ठरवलेला आहे. कूलर हंगाम संपल्यावर गच्चीत ठेवताना आतलं गवतही काढून टाकायला सांगा. पाऊस त्यात साठतो.

१५. रोगराई म्हणजे रोगच ना? एकवचन की अनेकवचन?

सगळ्या आजारपणाला मिळून रोगराई. स्त्रीलिंगी, एकवचनी : 'रोगराई पसरली'. एका रोगासाठी वापरत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ही आरोळी नागपुरात सगळ्यांच्या कानावर असते. सरकारी अहवालात हा शब्द नको, तिथे रोगाचं नाव लिहा.

१६. लिहिताना नेहमी चुकणारे शब्द कोणते?

आनुवंशिक ('अनुवांशिक' नाही). प्रादुर्भाव, 'दु' ऱ्हस्व. सांसर्गिक, 'सा'वर अनुस्वार. संसर्गजन्य आणि कीटकजन्य जोडून, मध्ये रेघ न देता.

१७. सिकलसेलचा 'वाहक' म्हणजे तो आजार पसरवतो का? 'सिकलसेलची लागण' बरोबर आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही. विदर्भात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि गोंधळ शब्दाचाच आहे. 'वाहक' मराठीत तीन ठिकाणी येतो. डेंग्यूचा डास हा रोगवाहक, तो विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. टायफॉइडचा जंतू बाळगणारा, दिसायला निरोगी माणूसही वाहक, त्याच्या हातून अन्नात जंतू जाऊ शकतात. सिकलसेलचा वाहक या दोघांसारखा अजिबात नाही. त्याच्याकडे जंतूच नाही. त्याला आई किंवा वडिलांकडून हिमोग्लोबिनचं एक बदललेलं जनुक मिळालेलं आहे, दुसरं नेहमीचं आहे. त्याच्याजवळ बसून, जेवून, त्याची सेवा करून काहीही होत नाही.

म्हणून 'लागण', 'संसर्ग', 'पसरतो' हे शब्द सिकलसेलसोबत कधीच नकोत. 'आनुवंशिक आजार', 'आई-वडिलांकडून येतो' असं लिहा, आणि वाहक म्हणताना पहिल्याच वेळी 'एएस, म्हणजे एकच जनुक असलेला' हा खुलासा द्या.

लागू होतं ते एवढंच : आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचा रुग्ण (एसएस) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, दोन्ही नसण्याची २५ टक्के. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं.

तपासणीच्या कागदावरही एक सापळा आहे. सोल्युबिलिटी चाचणी 'पॉझिटिव्ह' आली की घरात रडारड होते, कारण कोविडनंतर पॉझिटिव्ह म्हणजे लागण असंच डोक्यात बसलं आहे. ही चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करावी लागते. तोपर्यंत मुलीच्या सासरी, शाळेत किंवा ग्रुपवर 'सिकलसेल निघाला' हा निरोप जाऊ देऊ नका.